पहिले मोठे हिमवादळ: बर्फाळ शहरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी तयारीची पद्धत

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराला हिमवादळाने गाठले, तेव्हा त्या शहराला बर्फ नवा नव्हता आणि वादळाची सूचनाही काही दिवस आधीच मिळालेली होती. तरीही शहरात आणि आसपासच्या भागात चाळीसहून अधिक माणसे दगावली. ती कशी गेली हे पाहिले, तर हिमवादळाची तयारी म्हणजे नेमके काय, ते पुष्कळसे स्पष्ट होते. काही जण घराबाहेर पडून वाटेत अडकले, काही जण मोटारीतच मृत आढळले, काहींच्या घरातली ऊब वीज आणि हीटर बंद पडल्यामुळे संपली, काहींना बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका आला आणि काहींपर्यंत रुग्णवाहिका वेळेत पोहोचलीच नाही, कारण रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्याही बर्फात रुतून बसल्या होत्या.

यातल्या जवळजवळ प्रत्येक संकटावर आधीच्या दोन-तीन दिवसांत काही ना काही उपाय करता येतो. म्हणून किती बर्फ पडणार या चर्चेत फारसा वेळ न घालवता, बाहेर न पडता आणि बाहेरून कोणतीही मदत न मिळता निदान तीन दिवस घरात सुरक्षित राहता येईल का, हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून पुढची प्रत्येक पायरी करावी.

पहिली पायरी: सूचना वाचायला शिकणे

अनेक ठिकाणी हवामान खात्याच्या इशाऱ्यांमध्ये दोन पातळ्या असतात. पहिली पातळी सांगते की वादळाला पोषक परिस्थिती तयार होत आहे. दुसरी सांगते की वादळ आले आहे किंवा येणे जवळपास निश्चित आहे. काही देशांत हेच पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांनी दाखवतात. नवखा माणूस पहिल्या इशाऱ्याला नुसती शक्यता समजून सोडून देतो आणि दुसरा आला की बाजारात धावतो. खरे तर खरेदी, औषधे, गाडीचे इंधन ही सगळी कामे पहिल्या इशाऱ्यावरच उरकायची असतात. दुसरा इशारा येईपर्यंत आपण घरी असले पाहिजे.

सूचनेत बर्फाच्या सेंटीमीटरांइतकेच वाऱ्याकडेही लक्ष द्यावे. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या व्याख्येनुसार वारा किंवा वरचेवर येणारे झोत ताशी सुमारे ५६ किलोमीटर किंवा त्याहून अधिक असतील आणि उडत्या बर्फामुळे सुमारे ४०० मीटरांपलीकडचे दिसत नसेल, अशी स्थिती निदान तीन तास टिकली तरच त्या वादळाला सर्वांत गंभीर प्रकारात धरतात. या व्याख्येत पडलेल्या बर्फाच्या जाडीचा उल्लेखही नाही. जमिनीवर आधीच पडलेला बर्फ वाऱ्याने उठला, तरी रस्ता दिसेनासा होतो. वाऱ्यामुळे थंडीही अधिक बोचते. तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असताना ताशी २४ किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते उणे २८ अंशांसारखे जाणवते आणि अर्ध्या तासात त्वचा गोठण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून बाहेर पडण्याचा निर्णय नुसते तापमान पाहून करू नये. सूचनेत दिलेले ‘जाणवणारे तापमान’ पाहावे.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट करावी. आपण कोणत्या वेळेनंतर घराबाहेर राहणार नाही, हे आधीच ठरवून कुटुंबाला आणि कामाच्या ठिकाणी कळवून ठेवावे. फेब्रुवारी १९७८ मध्ये बॉस्टन परिसरात सकाळी रस्ते मोकळे दिसत होते, म्हणून लोक नेहमीप्रमाणे कामावर गेले. बर्फ नंतर सुरू झाला, सगळे एकाच वेळी परतायला निघाले आणि शहराला वळसा घालणाऱ्या महामार्गावर तीन हजारांहून अधिक गाड्या अडकून पडल्या. वादळाच्या दिवशीची निरभ्र किंवा शांत सकाळ हा निघण्याचा परवाना समजू नये, एवढे त्यावरून लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी: घरातला साठा

साठ्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण यादी छोटी आहे. माणशी दररोज सुमारे चार लिटर पाणी, शिजवावे न लागणारे किंवा नुसते कोमट करून खाता येणारे अन्न, डबे उघडण्याचे हाताने चालणारे साधन, टॉर्च आणि तिच्या जादा बॅटऱ्या, बॅटरीवर चालणारा रेडिओ, पूर्ण चार्ज केलेल्या पॉवर बँका, थोडी रोख रक्कम आणि घरात बाळ असेल तर त्याचे दूध व डायपर, एवढे तीन दिवसांना पुरेल असे ठेवावे. मेणबत्त्यांऐवजी टॉर्च वापरावी. वीज गेलेल्या घरात आग लागली, तर अग्निशमन दल येण्यासाठी रस्ता मोकळा असेलच असे नाही.

औषधांचा साठा मात्र तीन नव्हे, निदान सात दिवसांचा हवा. रस्ते उघडले तरी औषधांची दुकाने आणि त्यांचा पुरवठा सुरळीत व्हायला वेळ लागतो. घरात कोणी ऑक्सिजन यंत्रावर असेल, तर वीज कंपनीला आधी कळवावे आणि विजेशिवाय चालणाऱ्या सिलिंडरची सोय करून ठेवावी. डायलिसिसच्या रुग्णाने आपल्या केंद्राला फोन करून वादळाआधीची वेळ मागून घ्यावी. केंद्रांना अशा विनंत्यांची सवय असते, पण त्या वेळेवर कराव्या लागतात.

उंच इमारतीत राहणाऱ्यांनी एक जादा विचार करावा. वीज गेली की लिफ्ट थांबते, हे सगळ्यांच्या लक्षात येते. पण वरच्या मजल्यांवर पाणी पंपाने चढते, त्यामुळे थोड्याच वेळात नळही कोरडे पडू शकतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वादळाच्या आदल्या रात्री बादल्या आणि बाथटब भरून ठेवले, तर संडासात टाकायला पाणी राहते आणि पिण्याचे पाणी त्यासाठी वापरावे लागत नाही. ज्येष्ठ माणूस किंवा व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती वरच्या मजल्यावर राहत असेल, तर ते तीन दिवस खालच्या मजल्यावरील ओळखीच्या घरी काढता येतील का, हे आधी विचारून ठेवावे.

तिसरी पायरी: ऊब आणि हवा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात थंडीच्या लाटेत पंचेचाळीस लाखांहून अधिक घरांची वीज गेली आणि राज्याच्या अधिकृत नोंदीनुसार २४६ माणसे दगावली. त्यातली बहुतांश माणसे शरीर गारठून गेली. आणि काही जण ऊब मिळवण्याच्या प्रयत्नात, कार्बन मोनॉक्साइड या वायूने गेले. थंडी जीव घेते आणि थंडीवरचा चुकीचा इलाजही जीव घेतो. म्हणून ऊब आणि हवा या दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

आधी उबेचे पाहू. वीज गेल्यावर पूर्ण घर उबदार ठेवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. कमी खिडक्यांची, शक्यतो बाहेरच्या भिंती कमी असलेली एक खोली निवडून सगळ्या कुटुंबाने तिथेच राहावे. दाराच्या खालची फट गुंडाळलेल्या टॉवेलने बंद करावी, खिडक्यांवर जाड पडदे किंवा ब्लँकेट लावावे आणि जमिनीवर थेट न बसता गादी किंवा सतरंजी अंथरावी. जाड एकाच कपड्यापेक्षा पातळ कपड्यांचे अनेक थर अधिक ऊब धरतात, कारण प्रत्येक दोन थरांमध्ये हवा अडकते. डोक्यावर टोपी आणि पायांत कोरडे मोजे घरातही असावेत. ओला झालेला कपडा लगेच बदलावा.

आता हवेचे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. कोळसा, पेट्रोल, लाकूड, गॅस यांपैकी काहीही अपुऱ्या हवेत जळले की तो तयार होतो. म्हणून घर तापवण्यासाठी गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून ठेवू नये, कोळशाची शेगडी कधीही आत आणू नये आणि जनरेटर घरात, बाल्कनीत किंवा दार उघडे ठेवलेल्या गॅरेजमध्येही चालवू नये. जनरेटर दारे-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब, धूर घरापासून उलट दिशेला जाईल असा ठेवावा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावून घ्यावा आणि त्याचे बटण दाबून तो वाजतो याची खात्री वादळाआधी करावी. डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही या विषबाधेची लक्षणे फ्लूसारखी भासतात. घरातल्या एकाहून अधिक माणसांना ती एकाच वेळी जाणवू लागली किंवा बाहेर गेल्यावर बरे वाटू लागले, तर तो फ्लू नाही असे धरून सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडावे आणि मगच मदतीसाठी फोन करावा.

या संदर्भात घराच्या बाहेरच्या भिंतीवरची एक जागा प्रत्येकाने डोळ्यांनी पाहून ठेवावी. गॅसवर चालणाऱ्या अनेक हीटरांचा धूर प्लास्टिकच्या पांढऱ्या नळीतून, जमिनीपासून फार उंच नसलेल्या भोकातून बाहेर पडतो. वाऱ्याने त्या भिंतीशी बर्फाचा ढीग साचला की ते तोंड बुजते. मग हीटर एकतर बंद पडतो किंवा धूर आत वळतो. वादळ चालू असताना, सुरक्षितपणे जाता येत असेल तर, दर काही तासांनी हे तोंड हाताने मोकळे करणे हे फाटकापर्यंतची वाट मोकळी करण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे काम आहे.

विजेवर चालणारा सुटा हीटर वापरायचा असेल, तर तो पडदे, अंथरूण, कागद यांपासून निदान एक मीटर दूर ठेवावा, त्याची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावी, एक्स्टेंशन बोर्डावर लावू नये, आणि झोपताना बंद करावा.

नळ गोठण्याचा प्रश्नही उबेशीच जोडलेला आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि शेवटी नळी फुटते. नळ थोडा उघडा ठेवून पाण्याची बारीक धार चालू ठेवली, तर तो दाब निघून जातो. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या, विशेषतः स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या नळ्यांना सर्वांत आधी थंडी लागते. त्या कपाटाची दारे रात्रभर उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतली ऊब आत पोहोचते. घर सोडून दुसरीकडे जायचे झाले, तरी हीटर पूर्ण बंद न करता साधारण १३ अंशांवर ठेवावा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कोणत्या बाजूला फिरवायचा, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आधीच फिरवून पाहिले पाहिजे. गोठलेल्या नळीची गळती बहुधा बर्फ वितळू लागल्यावर दिसते आणि तेव्हा व्हॉल्व्ह शोधत बसायला वेळ नसतो. गोठलेली नळी मोकळी करायची असेल, तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाकडून सुरुवात करून मागे जात ऊब द्यावी. ज्योत कधीही लावू नये.

चौथी पायरी: मोटार

वादळात गाडी काढू नये, ही सूचना एका वाक्यात संपते. तरीही गाडी तयार ठेवावी लागते, कारण वादळ अंदाजापेक्षा लवकर येऊ शकते. इंधनाची टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली, काच धुण्याचे द्रव न गोठणारे, वायपर चांगले, आणि डिकीत ब्लँकेट, छोटे फावडे, टॉर्च, पाणी, कोरडे खाणे, रेतीची पिशवी व भडक रंगाचे कापड असावे.

अडकलोच, तर गाडी सोडून चालत निघण्याचा मोह टाळावा. उडत्या बर्फात दहा पावलांवरची इमारतही दिसत नाही आणि माणूस दिशा हरवतो. पायी माणसापेक्षा गाडी शोधणेही सोपे असते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी पर्यटक गाड्यांमध्ये अडकले आणि वीसहून अधिक जण गाड्यांतच दगावले. थंडीबरोबर कार्बन मोनॉक्साइड हेही तिथे मृत्यूचे कारण असल्याचे सांगितले गेले. म्हणून गाडीत बसून राहायचे, पण इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढायचा. इंजिन तासातून साधारण दहा मिनिटेच चालवावे आणि त्या वेळी वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. अ‍ॅन्टेनाला किंवा दाराला भडक कापड बांधावे, हातपाय हलवत राहावे आणि एकाहून अधिक माणसे असतील तर पाळीपाळीने जागे राहावे. घरासमोर बर्फ काढताना मुलांना ऊब मिळावी म्हणून चालू गाडीत बसवून ठेवण्याची पद्धतही याच कारणाने घातक आहे.

पाचवी पायरी: वादळ चालू असताना

घरातच राहावे. वीज गेल्यावर मोठी उपकरणे बंद करून ठेवावीत, म्हणजे वीज परतताना येणाऱ्या झटक्याने ती बिघडत नाहीत; एखादा दिवा मात्र चालू ठेवावा, म्हणजे वीज आल्याचे कळते. फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, म्हणून तो अंगाजवळच्या खिशात ठेवावा आणि बोलण्याऐवजी संदेश पाठवावेत.

शरीर गारठल्याची लक्षणे ओळखता आली पाहिजेत. सुरुवातीला जोराची थरथर होते, बोटे नीट चालत नाहीत. पुढे बोलणे अडखळते, गुंगी येते, निर्णय चुकू लागतात. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला, तर ते बरे होण्याचे लक्षण नसून धोका वाढल्याचे लक्षण आहे. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की वैद्यकीय मदत लागते. ती येईपर्यंत ओले कपडे काढून छाती, मान, डोके आणि जांघा यांना आधी ऊब द्यावी; शुद्धीवर असेल तर कोमट, गोड पेय द्यावे; दारू मुळीच देऊ नये, कारण तिने त्वचेकडे रक्त वाहून शरीर आणखी थंड होते. बोटे, नाक किंवा कान पांढरे पडून बधिर झाले असतील, तर ते चोळू नयेत, बर्फाने तर नाहीच. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेव्हाच ते कोमट पाण्यात धरावेत. बधिर झालेल्या भागाला चटका कळत नाही, म्हणून पाण्याचा अंदाज दुसऱ्याच्या हाताने घ्यावा.

वादळाआधी शेजारच्या दोन-तीन घरांचे, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे, फोन क्रमांक घेऊन ठेवावेत आणि सकाळ-संध्याकाळ विचारपूस करावी. रस्ते बंद असताना शेजाऱ्याइतक्या लवकर कोणीच पोहोचू शकत नाही. नव्याने आलेल्या माणसाने संकोच न करता स्वतःहून दार ठोठवावे. शेजाऱ्यालाही आपली तितकीच गरज असू शकते.

सहावी पायरी: बर्फ उपसणे

बर्फ उपसणे हे साधे घरकाम वाटते, पण प्रत्यक्षात ते जड वजन उचलण्याचे काम आहे. दहा मीटर लांब, एक मीटर रुंद वाटेवर तीस सेंटीमीटर बर्फ असेल, तर तो तीन घनमीटर होतो. हलका भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो धरला, तरी तीनशे किलो. ओला बर्फ असेल तर त्याच्या तिप्पट. त्यात हात वर उचलण्याचे श्रम, श्वास रोखण्याची सवय आणि थंड हवेने आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या, या सगळ्यांचा भार एकाच वेळी हृदयावर पडतो. ज्यांना हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे, किंवा ज्यांना एरवी व्यायाम नाही, त्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. यात कमीपणा काहीच नाही.

करायचेच असेल, तर घरात पाच मिनिटे अंग गरम करून बाहेर यावे. शक्य तिथे बर्फ न उचलता फावड्याने ढकलत न्यावा. उचलावाच लागला, तर फावडे अर्धेच भरावे, गुडघे वाकवून पायांच्या जोरावर उचलावे आणि कंबर न वळवता पूर्ण अंग फिरवून बाजूला टाकावे. वादळ संपण्याची वाट न पाहता मध्ये शांत वेळ मिळेल तेव्हा दहा-पंधरा सेंटीमीटरांचे थर काढत राहिले, तर एकदम भार येत नाही. रस्ता साफ करणारे वाहन गेल्यावर आपल्या दाराशी जो बर्फाचा बांध साचतो, तो सर्वांत घट्ट आणि जड असतो. घाईत असणारा माणूस नेमका तिथेच दमतो. छातीवर दाब, जबडा किंवा हातात कळ, थंड घाम किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली, तर फावडे जागीच टाकून आत यावे आणि लगेच आपत्कालीन सेवेला फोन करावा. बर्फ फेकणाऱ्या यंत्रात बर्फ अडकला, तर यंत्र बंद करूनही हात आत घालू नये. काठीनेच तो काढावा.

मोकळ्या केलेल्या वाटेवर मीठ टाकावे, पण साधे मीठ उणे नऊ-दहा अंशांखाली फारसे काम करत नाही. त्याहून अधिक थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा निदान पायाला पकड देणारी रेती वापरावी. रस्त्यालगत अग्निशमनाचा नळखांब असेल, तर त्याच्याभोवतीचा बर्फही काढावा. बर्फाखाली गाडलेला नळखांब शोधण्यात जाणारी मिनिटे पूर्ण गल्लीला महागात पडतात.

वादळ ओसरल्यावर

आकाश निवळले म्हणजे धोका संपला असे नसते. डांबरी रस्त्यावर गोठलेला पाण्याचा पातळ, पारदर्शक थर डोळ्यांना दिसत नाही. तो पुलांवर आणि सावलीच्या जागी जास्त काळ टिकतो. चालताना पावले छोटी आणि सपाट टाकावीत, हात खिशातून बाहेर ठेवावेत आणि इमारतींच्या छपरांखालून, लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांखालून जाणे टाळावे. तुटून पडलेली विजेची तार दिसली, तर निदान दहा मीटर दूर राहून वीज कंपनीला कळवावे.

फ्रिज बंद ठेवला असेल, तर त्यातले अन्न वीज गेल्यापासून साधारण चार तास टिकते. पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरतो. त्यापुढे दूध, मांस, अंडी आणि शिजवलेले पदार्थ वास घेऊन किंवा चव बघून ठरवू नयेत. चार अंशांच्या वर दोन तासांहून अधिक राहिलेले असे अन्न टाकून द्यावे. ज्या फ्रीझरमधल्या पदार्थांवर अजून बर्फाचे कण आहेत, ते पुन्हा गोठवायला हरकत नाही. त्यानंतर वापरलेल्या बॅटऱ्या, पाणी आणि औषधे याच आठवड्यात भरून काढावीत, कारण एकाच हिवाळ्यात दुसरे वादळ येणे ही मुळीच असामान्य गोष्ट नाही.